मॅलिफोचा पहिला क्रू रंगवताना

मॅलिफो या टेबलावरच्या खेळाचा डबा उघडायचा, त्यातली सगळ्यात देखणी मिनी, म्हणजे छोटी मूर्ती, आधी उचलायची, तिच्यावर तीन आठवडे घालवायचे आणि बाकीच्या राखाडी प्लास्टिकच्याच घेऊन खेळायला जायचं. नवशिक्यांचं घोडं बहुतेक इथेच पेंड खातं. ती एक मिनी खरंच सुंदर झालेली असते, पण टेबलावर ती एकटी पडते आणि तिच्या सोबतचे लोक उपरे वाटतात. मग पुढच्या मिनीला तेवढाच वेळ द्यायचा धीर राहत नाही आणि डबा कपाटात जातो. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट धरून बसणार आहे: अख्खा क्रू, म्हणजे खेळातली आपली टोळी, हे एकच काम समजायचं. रंग एकदाच ठरवायचे, सगळ्यांवर एकत्र चढवायचे आणि सगळे एकत्रच संपवायचे.

ज्यांना हा खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही खेळ ‘स्कर्मिश’ प्रकारचे असतात. स्कर्मिश म्हणजे चकमक. मोठ्या लढायांच्या खेळांत शंभर-शंभर शिपाई मांडावे लागतात, चकमकीच्या खेळात मात्र आपल्या बाजूला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक असतात. मॅलिफो हा त्यातलाच एक. वीर्ड गेम्स या अमेरिकी कंपनीने तो 2009 मध्ये आणला. यात फासे नाहीत, 54 पानांची पत्त्यांची गड्डी आहे, आणि तीन फूट बाय तीन फुटांच्या टेबलावर डाव रंगतो. आपल्या टोळीला या खेळात ‘क्रू’ म्हणतात. एक मास्टर आणि त्याच्या हाताखालचे लोक मिळून साधारण सात-आठ मिनी होतात. सुरुवातीला सहा रंगवल्या तरी खेळायला बसता येतं.

मी इथे लेडी जस्टिसच्या क्रूचं उदाहरण घेतोय. ही मॅलिफो शहरावर हुकूमत चालवणाऱ्या गिल्डची तलवारधारी. ती आंधळी आहे आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आहे. तिच्या हाताखालचे डेथ मार्शल मढी उठवणाऱ्यांच्या मागावर असतात आणि पाठीवर साखळीने बांधलेली शवपेटी वागवतात. नवशिक्याला हा क्रू सुचवण्यामागे माझी तीन कारणं आहेत. मास्टरचे डोळे रंगवायचे नाहीत, मार्शलांचे चेहरे हॅटखाली असतात, आणि लांब कोट, चामडं, लाकूड, लोखंड या चार गोष्टी जमल्या की जवळजवळ सगळा क्रू जमतो. तुमच्याकडे दुसरा कुठला क्रू असला तरी क्रम हाच ठेवा.

रंग आधी कागदावर ठरवा

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आठवा. त्याच्यावर कसलं बारीक काम असतं? लाल पागोटं, पांढरा अंगरखा, काळी मिशी, हातात ढाल. पण उभं राहून खाली पाहिलं तरी तो मावळा म्हणून लगेच ओळखू येतो, कारण प्रत्येक रंग शेजारच्या रंगापासून स्पष्ट वेगळा असतो. मिनीचंही तसंच आहे. 32 मिलिमीटरच्या प्रमाणातली ही मूर्ती खेळताना तुम्ही हात-दीड हात अंतरावरून पाहणार आहात. तिथून बारकावे दिसत नाहीत, गडद आणि फिक्यातला फरक दिसतो.

माझ्या क्रूसाठी मी तीन मुख्य रंग घेतले: कोटांना गडद तपकिरी, सदऱ्यांना आणि डोळ्यांवरच्या पट्टीला हस्तिदंती, आणि किरमिजी. यातल्या किरमिजीला एक शिस्त लावली. तो प्रत्येक मिनीवर कुठल्यातरी एकाच जागी येणार, आणि एकाही मिनीवर चुकणार नाही. हॅटची पट्टी, गळ्यातला रुमाल, कमरेचा शेला, जे असेल ते. सहा जण टेबलभर विखुरले तरी ते एकाच टोळीचे आहेत हे त्या लाल ठिपक्याने कळतं.

याला जोडून फिका खाकी, चामड्याचा तपकिरी, काळा, पोलादी, पितळी आणि त्वचेचा एक रंग. वर दोन वॉश, एक तपकिरी आणि एक काळा. वॉश म्हणजे पातळ शाईसारखा रंग, जो खाचांमध्ये उतरून सावली तयार करतो. एकूण अकरा बाटल्या झाल्या. पन्नास बाटल्यांचा संच घेऊ नका, त्यातल्या चाळीस तुम्ही उघडणारसुद्धा नाही. सिटाडेल, व्हॅलेहो, आर्मी पेंटर यांपैकी जे मिळेल ते चालेल. शाळेतले पोस्टर कलर मात्र चालत नाहीत. वाळल्यावरही पाणी लागलं की ते उठतात, त्यामुळे दुसरा हात देताना पहिलाच निघून येतो. कॅनव्हाससाठीचे ट्यूबमधले ॲक्रिलिक दाट असतात, ते बेससाठी, म्हणजे मिनी जिच्यावर उभी असते त्या गोल चकतीसाठी, राखून ठेवा.

ब्रश तीन हवेत. टोक चांगलं असलेला एक नंबर, त्याहून मोठा एक साधा, आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच भाग उजळण्यासाठी, मेकअपचा गोल, मऊ ब्रश. पैसे खर्च करायचेच असतील तर एक नंबरवर करा. बारीक कामाला शून्य-शून्य नंबरचा ब्रश लागतो हा समज सोडून द्या. त्यात रंग इतका कमी मावतो की मिनीपर्यंत पोचेतो तो टोकावरच वाळतो. काम टोक करतं, आणि एक नंबरच्या चांगल्या ब्रशचं टोकही सुईसारखं असतं.

कापणं, खरवडणं, जोडणं

प्लास्टिकचे भाग एका चौकटीत जोडलेले येतात, तिला स्प्रू म्हणतात. भाग हाताने पिळून तोडू नका, क्लिपरने कापा. आधी थोडं अंतर ठेवून आणि मग भागालगत, असं दोनदा. मॅलिफोचे भाग फार नाजूक असतात. एखादा हात तांदळाच्या दाण्याएवढा, पिस्तूल त्याहून बारीक. म्हणून खाली फिक्या रंगाचा टॉवेल अंथरा आणि चिमटा वापरा. टाइल्सच्या फरशीवर पडलेला हात उडून कुठे जातो ते देवालाच ठाऊक.

साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्लास्टिकवर एक बारीक रेघ उठलेली असते. ती सुरीच्या पात्याची पाठ फिरवून खरवडून काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. कच्च्या प्लास्टिकवर ती रेघ दिसतही नाही, आणि ड्रायब्रश केल्यावर मात्र गालावरून पांढरी शीर गेल्यासारखी दिसते. तेव्हा काही करता येत नाही.

प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट वापरा. ते दोन्ही बाजू किंचित वितळवून एकजीव करतं. धातू किंवा रेझिनच्या मिनीला फेविक्विक. रेझिन असेल तर आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या, कारण साच्याला लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. रेझिन घासताना तोंडाला मास्क हवाच.

मार्शलची शवपेटी पाठीला चिकटवायची घाई नको. ती वेगळी रंगवली तर कोटाच्या मागच्या बाजूला ब्रश सहज पोचतो. जिथे चिकटवायची तिथे मात्र रंग लावू नका, किंवा नंतर तेवढा भाग खरवडून घ्या. सिमेंटला प्लास्टिक हवं असतं, रंगावर ते धरत नाही.

प्रायमर आणि आपली हवा

प्रायमर हा पहिला थर. त्याच्यामुळे रंग प्लास्टिकला धरतो. स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवायचा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून फवारायचं, आणि फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. एकाच जागी धरून ठेवला की बटणं, दोरे, चेहऱ्याची ठेवण सगळं बुजतं. आधी सगळीकडून काळा प्रायमर द्या. तो वाळला की वरच्या बाजूने तिरका पांढरा किंवा फिका राखाडी, अगदी हलका फवारा मारा. खांदे, हॅट, नाक उजळतात आणि कोटाच्या आतली बाजू काळीच राहते. ऊन कुठून पडतंय हे मिनी स्वतःच सांगते, आणि पुढे हायलाइट, म्हणजे उजळ रंग, कुठे द्यायचा हा प्रश्न उरत नाही.

आता पावसाळ्याबद्दल. जुलैमध्ये पुण्यात बाल्कनीत उभा राहून मी चार मिनींवर स्प्रे मारला होता. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं कुंद होतं. वाळल्यावर हात लावला तर पृष्ठभाग बारीक सँडपेपरसारखा खरखरीत. दमट हवेत फवारा मिनीवर नीट बसत नाही, त्याची भुकटी होऊन चिकटते. चारही मिनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवल्या, जुन्या टूथब्रशने घासल्या आणि पुन्हा सुरुवात केली. (हे करायची वेळ आली तर नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिकच विरघळवतं.) तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हात लावत नाही, ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो. त्याचे दोन पातळ हात पुरतात. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर वर्षभर तोच बरा. वरचा उजेड मग ड्रायब्रशने आणता येतो.

रंग किती पातळ?

नव्या माणसाच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाटलीतून काढलेला रंग थेट लावायचा नाही. त्यात पाणी घालायचं. एक थेंब रंग, अर्धा ते एक थेंब पाणी. दाटपणा दुधाइतका हवा, सायीचा नव्हे, गाळलेल्या दुधाचा. खात्री करायची तर अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. कडेला पसरली तर पाणी जास्त झालं. रेघेत ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसले तर कमी पडलं. रेघ जिथे ओढली तिथेच सपाट बसली की रंग तयार.

पहिल्या हातानंतर खालचा काळा दिसेल आणि सगळं बिघडलं असं वाटेल. बिघडलेलं नसतं. दहा मिनिटं थांबा आणि दुसरा हात द्या. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले दिसतात, कारण जाड थराखाली शिल्पकाराने कोरलेलं सगळं गाडलं जातं. हस्तिदंतीसारख्या फिक्या रंगाला तीन हातही लागतात. फिके रंग काळ्यावर झाकायला वेळ घेतात, त्यात तुमची चूक नसते.

मे महिन्यात तर थेंब पॅलेटवर पडल्या पडल्या सुकायला लागतो. त्यासाठी ओला पॅलेट घरीच करा. झाकणाचा पसरट डबा घ्या, तळाशी भांडी घासायचा नवा स्पंज किंवा टिश्यूचे चार-पाच पदर ओले करून अंथरा, आणि वर केक भाजताना भांड्याला लावतात तो कागद ठेवा. रंग त्या कागदावर काढायचा. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही रंग ओला सापडतो. तीन-चार दिवसांनी पाणी बदला, नाहीतर वास येतो.

ब्रशच्या केसांच्या अर्ध्याच्या वर रंग चढू देऊ नका. पत्र्याच्या नळीत रंग शिरून वाळला की केस फाकतात आणि टोक जातं ते कायमचंच. काम संपलं की अंगाच्या साबणावर ब्रश फिरवून धुवा आणि टोक बोटांनी जुळवून ठेवा.

आधी एकच मार्शल

आता एक मार्शल घ्या आणि तोच पूर्ण करा. लेडी जस्टिस घेऊ नका. तिला सगळ्यात शेवटी ठेवा, तोवर हात बसलेला असेल.

आतून बाहेर जायचं. आधी त्वचा, मग सदरा, मग कोट, मग पट्टे आणि बूट, आणि धातू शेवटी. म्हणजे कोट रंगवताना ब्रश घसरला तर तो आधी झालेल्या कामाच्या कडेला लागतो आणि दुरुस्ती एका फटकाऱ्याची असते. सगळे मूळ रंग झाले की सबंध मिनीवर तपकिरी वॉश, धातूवर काळा. अर्धा तास वाळू द्या. मग ज्या ज्या जागा उंच आहेत तिथे मूळ रंग पुन्हा लावा आणि खाचा गडदच सोडा. कोटाच्या कडेला मूळ रंगात थोडा खाकी मिसळून एक बारीक रेघ. इतकंच. या मार्शलवर तुम्हाला कळेल की तपकिरी फार गडद झालाय, किंवा किरमिजी हॅटवर ठेवला तर दिसतच नाही. जे बदलायचं ते आत्ता बदला, अजून एकच मिनी झाली आहे.

पटला की बाकीचे मार्शल रांगेत उभे करा. प्रत्येकाला बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपने चिकटवा, म्हणजे मिनीला बोटं लागत नाहीत. सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांचे सदरे, असं करत जा. शेवटच्या कोटापर्यंत पोचता तेव्हा पहिला वाळलेला असतो. सहा मिनींना मला पहिल्यांदा दोन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या होत्या.

शवपेटी

या क्रूचं लक्ष वेधून घेणारी वस्तू हीच आहे, आणि लाकूड शिकायला याहून चांगली जागा नाही.

आधी सगळ्या पेटीला गडद तपकिरीचे दोन हात. वाळल्यावर त्याच तपकिरीत निम्मा खाकी मिसळा, पातळ करा, आणि फळीच्या लांबीच्या दिशेने बारीक रेघा ओढा. रेघा सरळ नकोत. एक अर्ध्यात संपावी, दुसरी तिच्या बाजूने सुरू व्हावी, एखादी किंचित वळून गाठीला वळसा घालून जावी. घरातल्या जुन्या दाराची फळी समोर ठेवून पाहा, लाकडाचे रेषे कधीच मोजूनमापून नसतात. दोन फळ्यांमधली फट मात्र गडदच राहू द्या.

मग तपकिरी वॉश. तो कोपऱ्यांत आणि फटींत जमेल. सपाट फळीवर डबकं साचलं तर ब्रश धुऊन, टिपून, त्याचं ओलसर टोक डबक्याला लावा. ते जादाचा वॉश शोषून घेतं. ही छोटी सवय लागली नाही तर वाळल्यावर चहाच्या कपासारखे गोल डाग राहतात.

पूर्ण वाळल्यावर ड्रायब्रश. मेकअपच्या ब्रशवर खाकी आणि थोडा हस्तिदंती घ्या आणि टिश्यूवर पुसत राहा. टिश्यूवर काही उमटेनासं झालं की तो तयार. आता पेटीच्या कडांवरून आणि रेषांना आडवा हलकेच फिरवा. उंच रेषे आपोआप उजळतात. हे करताना दिसणारा बदल पाहून मला अजूनही आनंद होतो. प्लास्टिकचा तुकडा पाच मिनिटांत लाकूड होतो.

साखळीला पोलादी रंग, त्यावर काळा वॉश. चामड्याचा तपकिरी खूप पातळ करून दोन-तीन कड्यांवर ठिपका दिला की गंज चढतो. सगळ्या कड्यांवर देऊ नका.

चेहरे

पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती मुरलेल्या हाताकडे असते. मिनीवर मी उलटा क्रम सांगेन: डोळे करायचेच असतील तर सगळ्यात आधी करा. चुकले तर त्वचेच्या रंगाने कडा पुसून आकार परत आणता येतो. सगळा चेहरा झाल्यावर चुकले तर सगळंच परत करावं लागतं. पण या क्रूत मार्शलांचे डोळे हॅटच्या सावलीत तपकिरी वॉशवर सोडून दिले तरी चालतं. टेबलावरून पाहणाऱ्याला ती सावली डोळ्यांसारखीच वाटते.

त्वचेच्या मूळ रंगावर वॉश, मग नाकाचा शेंडा, गालाची हाडं, खालचा ओठ आणि हनुवटी या चार जागी मूळ रंग परत, त्यात चिमूटभर हस्तिदंती. सगळ्यांना एकाच वर्णाचं करू नका. बाटलीवर ‘त्वचा’ लिहिलेला रंग बहुधा गोऱ्या माणसाचा असतो. त्यात चामड्याचा तपकिरी मिसळला की गव्हाळ, आणखी मिसळला की सावळा होतो. माझा एक मार्शल सावळा आहे, आणि हस्तिदंती सदऱ्यावर त्याचाच चेहरा सगळ्यात उठून दिसतो.

लेडी जस्टिसच्या पट्टीला वेळ द्या. हस्तिदंतीचे तीन पातळ हात, घड्यांमध्ये पातळ केलेला तपकिरी वॉश फक्त टोकाने, आणि नाकावरून जाणाऱ्या भागावर शेवटची उजळ रेघ. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाणार आहे. तलवारीच्या पात्याला पोलादी, काळा वॉश, आणि धारेवरून ब्रशची कड सरळ ओढून पोलादीत हस्तिदंती मिसळलेली एक अखंड रेघ.

बेस आणि वार्निश

सगळ्यांचे बेस एकाच पद्धतीचे. हा क्रू शहरातला, म्हणून मी फरसबंदी केली. एम-सील मळून बेसवर पातळ थापा, घट्ट होण्याआधी टूथपिकने दगडांच्या रेघा पाडा. वाळल्यावर काळा, त्यावर राखाडी ड्रायब्रश, कडेला फेविकॉल लावून चिमूटभर चाळलेली वाळू. बेसची गोल कड सगळ्यांची काळी, स्वच्छ. या कडेला लागलेले रंगाचे डाग पुसायला पाच मिनिटं लागतात आणि त्याने सबंध क्रू नीटनेटका दिसतो.

शेवटी मॅट वार्निश, ब्रशने, पातळ. बोटांच्या घामाने रंग झिजतो तो याने वाचतो. स्प्रेचं वार्निश पावसाळ्यात पांढरं पडतं, त्याचं कारण वर आलंच आहे.

आणि एका वहीत रंगांची कृती लिहा: कोटाला कुठला तपकिरी, कडेला त्यात खाकी किती, वॉश कुठला. सहा महिन्यांनी क्रूमध्ये आणखी एक मार्शल घ्यावासा वाटेल तेव्हा ते आठवणार नाही. माझ्या वहीच्या त्या पानावर रंगांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे त्याच रंगाचा एक फटकारा ओढलेला आहे. नवा मार्शल रंगवताना मी ते पान दिव्याखाली उघडून ठेवतो.